मामांनी खरवडलेलं सिंहासन

आमच्या नाटक कंपनीतलं सगळं लाकूडसामान मामांच्या हाती असे; कंपनीचे सुतार ते, सगळेच त्यांना मामा म्हणत. राजा मी व्हायचो खरा, पण माझं राज्य उभं असायचं मामांनी ठोकलेल्या खिळ्यांवर.

एका नाटकासाठी परदेशातल्या एका नाटक मंडळीनं आपलं जुनं सिंहासन आम्हाला उसनं पाठवलं. बंदरावर कस्टमच्या साहेबांनी ते अडवलं.

"आयात शुल्क भरा, नाहीतर तेवढ्या रकमेचं तारण ठेवा. हीच वस्तू परत गेली की तारण सुटेल."

कंपनीचा खिसा फाटका. मामा जामीन राहिले, घराची कागदपत्रं देऊन आले.

मामी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही खुशाल बसा सिंहासनावर. आम्ही बसतो रस्त्यावर!"

"अगं, एका हंगामाचा तर प्रश्न," मामा हसले.

नाटक धो धो चाललं. सामान बांधायची वेळ आली आणि मामांना राहवेना. लोकांची वस्तू तुटकी परत कशी द्यायची? त्यांनी सिंहासनाच्या पायाची भेग बुजवली, हातावरच्या सिंहाचं उडालेलं नाक नवं कोरून बसवलं आणि पॉलिश असं चढवलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

बंदरावर साहेबांनी आयातीच्या वेळची नोंद काढली. डाव्या पायाला भेग, सिंहाला नाक नाही. ते सिंहासनाभोवती फिरले.

"हे ते नव्हे."

"साहेब, मीच दुरुस्त केलंय हो!"

"जुनं इथे विकायचं आणि भलतंच परत पाठवायचं, हे आम्ही रोज बघतो. तारण जप्त होईल."

मामी मटकन खोक्यावर बसल्या. मी राजाचा आवाज लावला. साहेब म्हणाले, "आवाज खाली. इथे तिकीट काढून कुणी आलेलं नाही."

मामांनी पिशवीतून पटाशी काढली. पहिला घाव त्यांनी नाकावर घातला. मग खाली बसून पाय खरवडू लागले. आपलंच पॉलिश, भेगेत आपणच भरलेलं लुकण. मी तोंड फिरवलं. अखेर भेग उघडी पडली. साहेबांनी वाकून तिच्यावरून नख फिरवलं, नोंदीतला फोटो शेजारी धरला आणि शिक्का मारला.

घर सुटलं. मामींनी जमिनीवरचं ते इवलंसं नाक उचलून मुठीत धरलं.

"चला, आता घरी," त्या म्हणाल्या.

मामा जागचे हलले नाहीत. "नाक छान जमलं होतं गं," एवढंच म्हणाले.

पुढे कंपनीत कुणाची उसनी वस्तू आली की मामा हात पाठीमागे बांधून तिच्याकडे लांबूनच बघत राहायचे.