हात पुढं करा

"हात पुढं कर."

मी केले. दोन्ही. नखं वर, तळवे खाली. खो-खोच्या मैदानावर खेळाडूची नखं बघतातच. वाढलेल्या नखानं पळणारीच्या पाठीवर ओरखडे उठतात. मी आदल्या दिवशी ब्लेडनं काढली होती, पार मांसापर्यंत.

सरांनी नखं बघितलीच नाहीत. माझे हात उलटे केले.

तळव्यावर उसाच्या पाचटानं चिरलेल्या रेघा. करंगळीखाली कोयत्याचा व्रण.

"कुठली गं तू?"

"येरमाळ्याकडची, सर."

"आई-बाप ऊसतोडीला जातात?"

"व्हय, सर."

सरांनी माझे हात सोडले. सोडले कसले, टाकले. रुमालानं स्वतःची बोटं पुसली. मग अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "हंगाम आला की ही ट्रकात बसणार. मग हिच्या चौकात काय उसाची मोळी बसवू?"

पोरी हसल्या. माझी मैत्रीणही हसली. त्या सकाळी मी साडेतीन मिनिटं पळाले होते, कुणाच्या हाताला लागले नव्हते. तेरा वर्षांची होते.

आठव्या दिवशी मी ट्रकात होते.

पुढच्या वर्षी नाही गेले. मावशीच्या दाराची चौकट धरून बसले. आईनं ओढलं, मारलं, मग तीच रडली आणि मला ठेवून गेली. मावशीच्या घरी भाकरी थापून शिकले. पदवी घेतली, वर शारीरिक शिक्षणाची घेतली. आमच्या भावकीत पहिली पदवी माझी. हे मी दबून सांगत नाही. पण एक सवय सुटली नाही. दर रविवारी नखं काढायची, मांसापर्यंत. कुणी कधी हात मागेल, सांगता येत नाही.

मग त्याच मैदानावर, धाराशिवात, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आले. कॉलेजात तासिकेवर शिकवते. तासिका म्हणजे बोलावलं तर काम, नाही बोलावलं तर घरी. जिल्ह्याच्या ज्युनिअर मुलींचा संघ निवडायला दोघं बसतो, मोठे सर आणि मी. सर तेच. केस पांढरे झालेत, रुमाल तसाच पांढरा. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. कॉलेजात त्यांचा शब्द चालतो.

आता जे सांगते ते मला सोपं नाही.

गेल्या वर्षी सर म्हणाले, "मॅडम, पोरींचे हात तुम्ही बघत जा. बाईमाणसानं बघितलेलं बरं. ज्यांचे चिरलेले असतील त्यांच्या नावापुढं पेन्सिलीनं टिंब द्या. मलम मागवायचंय."

मी बघितले. चार टिंबं दिली. मलम आलं नाही. यादी आली, तिच्यात ती चार नावं नव्हती. मला कळलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण टिंब देतानाच कळलं होतं. पेन्सिल थांबली नाही.

त्या चौघींतली एक उसाच्या फडावर गेली आणि मंगळसूत्र घालून परत आली. सोळा वर्षांची. टोळी नेणाऱ्या मुकादमाला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता.

यंदा दसरा झाला आणि गावोगाव वेशीत ट्रक येऊन थांबले. रिकामे. मागचे फाळके उघडे. आठ दिवसांत भरणार. निवड चाचणी त्याच आठवड्यात. वारा पडला होता. मैदानावर सव्वीस पोरी आणि एकीचाही आवाज नाही. एरवी या वयाच्या पोरी गप्प बसत नसतात.

पूनम सगळ्यात शेवटी उभी होती. तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली होती. खांबाजवळ अशी वळायची की धरणारी तोंडावर पडायची. मी जवळ गेले तसे तिनं हात पाठीमागं नेले.

"मॅडम, नखं काढल्यात मी. दावायलाच पाहिजेत का?"

शेजारची पोर हळूच म्हणाली, "दाव गं. टिंबवाल्या बाई हायेत त्या."

पोरींना ठाऊक होतं. वर्षभर त्या मला याच नावानं ओळखत होत्या.

मी पूनमचे हात बघितले. रेघा माझ्याच होत्या. टेबलाशी आले. सरांपुढं पंधरा नावांची यादी टाइप होऊन पडली होती. चाचणी आत्ता संपली होती आणि टिंबांची वाट न बघताच यादी टाइप होती. पूनम नव्हती.

"किती टिंबं?"

"एकही नाही."

"म्हणजे हात बघितले न्हाईत तुम्ही."

"सव्वीसच्या सव्वीस बघितले. आता माझे बघा."

त्या यादीवर मी दोन्ही हात उलटे ठेवले, तळवे वर. व्रण वर आला. सर बघत राहिले.

"याच मैदानावर तुम्ही म्हणाला होता, हिच्या चौकात उसाची मोळी बसवू का."

वाटलं होतं, चेहरा उतरेल. सर हसले. अगदी मोकळं.

"असं म्या लई जणींना म्हणलोय, मॅडम. कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?"

मग पेन माझ्याकडं सरकवलं. "सही करा. पुढच्या आठवड्यात तासिका वाटायच्यात. त्यात तुमचं नाव असावं, असं मला वाटतंय."

पेन घेतलं. यादीवर सही केली नाही. कोऱ्या कागदावर सव्वीस नावं आणि प्रत्येकीची मिनिटं लिहिली. पूनम पहिली आली. खाली लिहिलं, गेल्या वर्षी चार नावांपुढं टिंबं मी दिली, कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी दिली. त्याच्याखाली सही केली. जिल्ह्याच्या क्रीडा ऑफिसात तो कागद देऊन पोच घेतली. एक प्रत मैदानाच्या भिंतीवर लावली. दुपारपर्यंत कुणीतरी फाडली. मी दुसरी लावली.

संध्याकाळी कॉलेजातून फोन आला. सोमवारी भेटून जा म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूनमच्या घरी गेले. आई भांडी पोत्यात भरत होती.

"पोर माझ्याकडं राहील," मी म्हणाले. "यादीत नाव येवो न येवो."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही. "बाई, मुकादमानं पोरगा बघितलाय तिच्यासाठी. शुक्रवारी ट्रक निघायचाय. मुकादम माणूस चांगला न्हाय. तुम्ही मधी पडू नगा."

पूनम चुलीपाशी बसून माझ्याकडं बघत होती. हात समोर होते, मांडीवर. या वेळी तिनं लपवले नाहीत.

सोमवार अजून लांब आहे. आधी शुक्रवार. ट्रकाचा फाळका पडेल तेव्हा मी तिथं उभी असणार आहे, त्या पोरीच्या आणि फाळक्याच्या मधे.

या रविवारी मी नखं काढणार नाही.