सीआरपी चार, श्वास बावन्न

सोलापुरात रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. तापलेलं, खोकणारं लेकरू आलं की डॉक्टर सीआरपी लिहितात. छातीत जंतूंनी ठाण मांडलं की रक्तातला हा आकडा चढतो. कमी असला तर बहुतेक वेळा साधा व्हायरल. आकडा नॉर्मल आला की आमच्याकडे आईबापांचं तोंड उतरतं. "मग ताप कशाचा हाय? परत बघा की नीट," असं एक आजोबा मला दरडावून गेले होते. रिपोर्टात ठळक अक्षरांत काही छापून आलं नाही तर लोकांना फसल्यासारखं वाटतं. मी मनातल्या मनात हसायचो.

हसायला घरातही एक माणूस होतं. बायको आशा कार्यकर्ती. वस्तीत फिरून लेकराच्या छातीवरचा कपडा वर करायचा आणि घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायचे, हे तिचं शास्त्र. "आम्ही मशीनवर मोजतो, ही बोटांवर," असं मी पाहुण्यांसमोर म्हणायचो. पाहुणे हसायचे, ती चहा ओतायची.

आमची लेक दोन वर्षांची असताना एका सकाळी तापानं फणफणली. मी हुशार! तासाभरात रक्त काढलं, लॅबमध्ये नेऊन स्वतः तपासलं. सीआरपी चार, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरला दाखवायची गरजच वाटली नाही. रिपोर्ट छापला, त्यावर शिक्का मारला आणि घरी आणला.

दुपारी बायको म्हणाली, "अवो, श्वास बावन्न भरत्यात. चाळीसच्या वर जाऊ न्हाय."

"रडून भरत असतील. चार आहे, चार!"

"निजल्यावर मोजल्यात. बरगड्या आत चालल्यात, हितं बघा की."

मी रिपोर्ट पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. "ह्यो कागद श्वास घेत न्हाय. पोरगी घेती," म्हणाली आणि पोरीला उचलून रिक्षात बसली. मी चपला शोधत मागे धावलो.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते श्वासाचंच. न्यूमोनिया निघाला, ऑक्सिजन लावला. माझा शिक्क्याचा कागद बघून ते एवढंच म्हणाले, "ताप आल्या आल्या रक्त काढलंत. आकडा चढायला वेळ तरी द्यायचा." हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तेव्हा मी पोरीच्या नाकातल्या नळीकडेच बघत होतो. लाज नंतर वाटली.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त माझ्याच मशीनवर आलं. आकडा चांगला ठळक छापून आला.

लेक आता चौथीत आहे. अंग कसकसलं की आईसमोर फ्रॉक वर करून उभी राहते. मी काही बोलायला गेलो तर म्हणते, "पप्पा, गप बसा, मम्मी मोजायलीय."