पाकाची पारख

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी मला कळंब्याजवळच्या त्यांच्या मळ्यात गुऱ्हाळ बघायला नेलं. ते शहरातले वकील. पण गुऱ्हाळाच्या दिवसांत कोटावर फेटा बांधून रस उकळणाऱ्या काहिलीशेजारी असे उभे राहत, जणू ऊस त्यांच्या युक्तिवादानेच पिकला आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. गूळ मला चहापुरता माहीत होता.

त्यांच्याकडे रीत अशी, की नव्या जावयाने एकदा पाक बघायचा आणि काहील उतरवायचा हुकूम द्यायचा. चार पाहुणेही मुद्दाम बोलावले होते. गुळव्याने उकळता पाक गार पाण्यात सोडला आणि त्याची मऊ गोळी माझ्या हातावर ठेवली.

"बघा जावईबापू, काय म्हणतोय पाक?" सासऱ्यांनी विचारलं.

पाक माझ्याशी काही बोलला नाही. गोळी वरून गार आणि आतून निखारा होती; बोट भाजलं. मी ती हसतच उजेडात धरली आणि न वाचलेल्या पुस्तकावर वर्गात बोलताना जो आवाज काढत असे, त्या आवाजात म्हणालो, "झालाय. उतरवा."

"मास्तर असला तरी नजर हाय की!" एक पाहुणे म्हणाले.

गुळव्याने माझ्याकडे बघितलं. पाक कच्चा होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं. आता उतरवला तर गूळ बसणार नाही, अख्खी काहील वाया. नाही म्हणावं, तर मालकाच्या जावयाची चारचौघांत शोभा.

"जावईबापूंचं बराबर हाय," तो शांतपणे म्हणाला. "पर औंदा उसात पाणी लई. तेवढं आटू द्यावं म्हंतो."

जाळ चालू राहिला. थोड्या वेळाने त्याने स्वतः पुन्हा गोळी बघितली, माणसांना खूण केली आणि काहील उतरली. गूळ झकास बसला. सासऱ्यांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली.

निघताना गुळव्याला बाजूला घेऊन म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही हो."

"ते कळलं की. बोट भाजलं तरी हसत हुतासा न्हवं? मालक बी पैल्या साली असंच कच्चं उतराय निघालं हुतं."

"मग आता?"

"आता माझ्याकडं बघून बोलत्यात. मी मुंडासं सारखं केलं की 'उतरवा' म्हंत्यात. तुमी बी तसंच करा."

पुढच्या हंगामात सासरे आणि मी काहिलीशेजारी उभे राहिलो, दोघेही गंभीर. गुळव्याचा हात मुंडाशाकडे गेला आणि आम्ही एकदमच म्हणालो, "उतरवा."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गुळव्याच्या मुंडाशाकडे.