विहिरीत साथ

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत मागच्या अंगाला लोखंडी जाळी बसवलेली विहीर आहे. तिच्यातले बेडूक मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. गेल्या श्रावणात ते भर दुपारी जाळीखालच्या कठड्यावर येऊन बसायला लागले. जाळीवर टकटक केलं तरी हलेनात. मांड्यांवर लाल चट्टे, कातडी सोलवटलेली. दोन दिवसांत चार मेले.

वाडीच्या सेक्रेटरींना सांगितलं, तर म्हणाले, "वहिनी, इथे जिना गळतोय आणि तुम्ही बेडूक काय घेऊन बसलात?"

शेवटी परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई सापडल्या. फोटो पाहून त्यांनी लगेच मेसेज केला: हात लावू नका, रोज किती मेले ते लिहून ठेवा, सोमवारी नमुने घ्यायला येते. रोग कळला तर बाकीचे वाचवता येतील. तोवर पाण्यात काहीही टाकू देऊ नका. सात अजून जिवंत होते.

इथवर माझं काही चुकलं नव्हतं. पण आमच्या घराण्याने तीन पिढ्या कारकुनी केलेली. लेखी अर्ज दिल्याशिवाय आम्हाला काही केल्यासारखं वाटतच नाही. गेले वॉर्ड ऑफिसात.

"बेडूक?" खिडकीतला माणूस म्हणाला. "मेलेलं जनावर उचलायचंय का?"

"उचलायचं नाही हो, आजारी आहेत ते."

"मग गुरांच्या डॉक्टरकडे न्या ना."

माझं डोकंच फिरलं. अर्ज परत घेतला आणि विषयाच्या ओळीत ठसठशीत लिहिलं, 'विहिरीत साथ पसरल्याबाबत'. त्याने लगेच शिक्का मारला. पोच पिशवीत घालून मी मोठ्या रुबाबात घरी आले.

एरवी महिनोन्‌महिने न हलणारं ऑफिस दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी वाडीत हजर! दोघेजण, हातात बादली.

"मावशी, तापाचे पेशंट किती?"

"माणसं ठणठणीत आहेत. साथ बेडकांत आहे."

"पाणी तेच ना पण?"

"ते कोणी पीत नाही हो! सोमवारपर्यंत काही टाकू नका. थांबा, मेसेजच दाखवते."

घर तिसऱ्या मजल्यावर आणि गुडघे हे असे. फोन घेऊन खाली येईपर्यंत बादली रिकामी झाली होती आणि ब्लीचिंग पावडरीचा वास सगळ्या वाडीभर सुटला होता. सेक्रेटरी शेजारी उभे राहून खूश.

मी ओरडले, चांगली घसा फोडून ओरडले. दोघांतल्या एकाने शांतपणे माझाच अर्ज पुढे केला.

"रागावता कशाला? तुम्हीच लिहिलंय ना साथ? साथ म्हटली की पावडर टाकावीच लागते."

सोमवारी बाई आल्या. हातमोजे चढवून, जाळी उघडून त्यांनी सातही बाहेर काढले. पांढरे पडले होते. आता यांच्यावरून काहीच कळायचं नाही, म्हणाल्या. मग हातमोजे उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, "पावडर टाकायला बोलावलं कोणी यांना?"

मी पिशवीतून पोच काढली आणि त्यांच्या हातात दिली.