डकोटाचा दरवाजा

रविवारी दुपारी आमच्या भिलाईत माजी सैनिकांच्या छोट्या संग्रहालयाचं नवं दालन उघडलं. इथल्या माणसांनी ज्या विमानांवर नोकरी केली, त्यांची मी बनवलेली मॉडेल्स तिथे काचेत ठेवलीत. लॉकडाऊनमध्ये लागलेला नाद हा... घरचे म्हणतात, डोळे फोडायचा धंदा.

त्यातलं शेवटचं विमान डकोटा. जुनं मालवाहू. स्मृति नगरच्या शेंडे काकूंचे यजमान त्याच्यावर होते. डोंगरातल्या चौक्यांसाठी धान्याची पोती, रॉकेलचे डबे विमानातून खाली ढकलायचं त्यांचं काम. काका आता नाहीत.

मॉडेल पूर्ण झाल्यावर मी काकूंना दाखवायला गेले. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, "दरवाजा बंद कावून ठेवला वो पोरी? हे तं दरवाज्यातच उभे राहत. कमरेले पट्टा बांधून."

दरवाजा उघडायला रंगवून झालेल्या पातळ प्लास्टिकवर ब्लेड चालवायचं म्हणजे... पण नाही म्हणवेना. आणि व्हायचं तेच झालं. शेपटीपर्यंत भेग गेली. रडूच आलं मला.

पुट्टी भरली, घासलं, पुन्हा रंगवलं. नवऱ्याने स्टील प्लांटमधून दमून आल्यावर मातीची इवली इवली पोती वळून दिली. ती दरवाज्याशी रचली.

तर रविवारी... डकोटासमोर एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले ते हलेचनात. नेहरू नगरचे. आधी आर्मीत, मग रेल्वेत. तरुणपणी अशाच एका बर्फातल्या चौकीवर होते म्हणाले. "याचा आवाज आला का आमी सारे बाहेर पळत येत होतो."

काकू शेजारीच होत्या. पदर सावरत त्यांनी एकदम विचारलं, "भाऊ, तुमाले भेटत होतं का ते सारं? का दरीतच जाय?"

मला आधी कळेचना. मग काकूंनीच सांगितलं. पोती टाकली की विमान लगेच वळायचं, खाली काय झालं ते काकांना कधी दिसायचंच नाही. घरी जेवताना मध्येच हात थांबवून म्हणायचे, "चौकीवरच्या पोरांले भेटलं असन का?" रिटायर झाल्यावरही...

ते गृहस्थ काकूंकडे वळले. मग म्हणाले, "काही दरीत जाय, वैनी. खोटं नाही सांगत. पन बाकीचं भेटे. तुमच्या घरच्यांनी टाकलेलं का दुसऱ्या कोनी, ते आमाले काय माहीत... पन जेवलो आमी. उपाशी नाही राहिलो." आणि त्यांनी काकूंपुढे हात जोडले.

काकूंनी डोळे पुसले. मग अगदी घरच्या सुरात म्हणाल्या, "बुधवारी जेवाले या घरी. बायकोले पन आना."

लोक येऊन माझं कौतुक करत होते, मला काही ऐकूच येत नव्हतं.

ज्यांचा चेहरा कधी पाहिला नाही, पण ज्यांच्यामुळे आपण पोटभर जेवलो, अशी माणसं आपल्या सगळ्यांच्याच आयुष्यात असतील... त्यांना आज मनापासून नमस्कार.