तांब्यावरचा गुलाबी डाग

सिद्धोधन सुट्टीवर पिंगळीला आला की चांगुणाबाई आधी लेकाला पोटभर जेवू घालायची अन् मग घरातली सगळी पितळी भांडी चिंच लावून अंगणात मांडायची. जणू पोरगा समुद्रातून भांडी बघायलाच आलाय! भांडं चकाकलं म्हणजे घर नीट, हा तिचा कायदा. त्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

सिद्धोधन समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर फिटर, ठेकेदाराचा माणूस. तिथले ब्राँझचे व्हॉल्व्ह उघडायचे, साफ करायचे, ग्रीस भरायचं, झिजलेलं बदलायचं. खारं पाणी लोखंडाला खाऊन टाकतं, ब्राँझ मात्र तग धरतं.

त्या सकाळी चहा पिता पिता त्याची नजर तांब्यावर गेली. चिंच रात्रभर लागून राहिली होती अन् पिवळ्या पितळेवर गुलाबी डाग पडला होता.

"आई, हे काय झालं?"

"चिंच जास्त येळ राह्यली. आंबटानं पितळ लाल पडतंय, एवढं बी ठाऊक न्हाई व्हय तुला?"

सिद्धोधनच्या हातातला कप तसाच राहिला. अस्साच डाग त्यानं प्लॅटफॉर्मवरून निघताना पाहिला होता, आग विझवायच्या पाण्याच्या लाइनवर, व्हॉल्व्हच्या चाकाखालच्या दांडीवर. रंगाचा शिंतोडा असेल म्हणून सोडून दिला होता.

मग सगळंच आठवलं. ती दांडी वर्षभरापूर्वी कामाच्या एका फेरीत त्यानंच बदललेली. पेटीत दोन होत्या, एक मळकट तपकिरी, एक पिवळीधमक. चांगुणाबाईचा लेक तो! उचलली चकाकणारी. अरे बाबा, मळकट होती तीच ब्राँझची, चकाकणारी नुसती पितळेची! पितळेतलं जस्त खारं पाणी चाटून नेतं अन् मागं उरतं ठिसूळ, गुलाबी तांबं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की हे! ऐन आगीत चाक फिरवलं अन् दांडी तुटली, तर पाण्याचा थेंब यायचा नाही.

अन् प्लॅटफॉर्मवर या घडीला कोण? बायकोचा, शुभदाचा, सख्खा भाऊ आश्रुबा. त्याला पोखर्णीहून उचलून तिथं चिकटवला तोही यानंच, सासूला "माझी जिम्मेदारी" म्हणून.

शुभदाला त्यानं सगळं सांगितलं. "फोन करावा तर ठेकेदार म्हणंल, असला फिटर कशाला पाह्यजे? नोकरी जाईल."

"अन् न्हाई केला तर?" ती म्हणाली. "आधी लावा तुमी."

फोन प्लॅटफॉर्मच्या ऑफिसात लागला. तो व्हॉल्व्ह तपासा, दांडी चुकीची लागली असावी, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं. आश्रुबाला पाठवतो, तोच कळवेल, असं तिकडून उत्तर आलं. झालं! आता वाट बघायची. सिद्धोधन अंगणातून घरात, घरातून अंगणात. तुटली असेल का? एवढ्यात कशानं पेट घेतला तर? शुभदा चुलीपुढं बसली होती, पण भाकरी करपली तरी तिचं ध्यान नव्हतं. फोन काही वाजेना.

वाजला तेव्हा दोघंही धावले.

"दाजी," आश्रुबा म्हणाला, "लाइन बंद करून चाकाला जरा जोर दिला, तर दांडी तुटून हातात आली बघा. आतून पार भुसा झालाय." मग म्हणाला, "आग लागली तर या व्हॉल्व्हवर माझीच ड्युटी असती."

शुभदानं तोंडाला पदर लावला.

"साहेब इचारायलेत, कुणी बसवली म्हणून," आश्रुबा हळूच म्हणाला. "मला म्हाईत न्हाई म्हणू का?"

"न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "माझं नाव सांग."

फोन ठेवून तो ओट्यावर बसला. यातलं काहीच न कळलेली चांगुणाबाई चिंचेचा गोळा घेऊन आली. दर फेरीला ती तो त्याच्या बॅगेत घालायची.

"ही आत्ताच ठिवून घे. सायबाम्होरं तुजं काम चकाकलं पाह्यजे."

"आई, राहू दे या टायमाला."

"का रं? जायचं न्हाई व्हय कामावर?"

"ते आता साहेब ठरवतील," म्हणत सिद्धोधननं गोळा तिच्या हातून घेतला अन् डाग पडलेल्या तांब्याशेजारी ठेवला.