ग्रंथपाल बाईंची मधली सुट्टी

आगाशीजवळच्या आमच्या शाळेत एक ग्रंथपाल बाई होत्या. बोलायच्या अगदी हळू, आणि बोलण्याआधी पदराने चष्मा पुसायच्या. मुख्याध्यापकांना लागणारं कात्रण मागायच्या आत त्यांच्या टेबलावर ठेवून यायच्या.

शाळेला संगणक मिळाले, तेव्हा मुख्याध्यापक सरांनी सभेत ग्रंथालयाची खोली रिकामी करायला सांगितली. आम्ही शिक्षकांनी माना डोलावल्या. बाईंनी चष्मा पुसला.

"किल्ली देते, सर. पण आधी एक मधली सुट्टी माझ्याकडे येऊन बसा."

सर खरंच आले. मीही दारात उभा राहिलो. मुलांची झुंबड उडाली होती. त्यात अर्नाळ्याची, कोळ्यांची एक मुलगी होती, माझ्याच वर्गातली. सरांकडे लक्षही न देता ती म्हणाली, "बाई, खोल पान्यातल्या माशांचं दुसरं पुस्तक हाय का? हे बाबाला सगळं वाचून दाखवलं."

सरांनी तिला जवळ बसवलं आणि घंटा होईपर्यंत तिच्याकडून मासे समजून घेतले.

शेवटी संगणक आम्हा शिक्षकांच्या बसायच्या खोलीत ठेवले. पुढे वेळापत्रक ठरवतानाही सर बाईंना बोलावू लागले. आम्ही आता व्हरांड्यात डबे खायचो. बाकीचे कुरकुरायचे, मी नाही. त्या मुलीचा आवाज मी त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा ऐकला होता.